नवरीची तयारी: आयत्या वेळी काय कामी आलं?

डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. हॉल, केटरर, रुखवत सगळं ठरलंय. पण त्या दिवशी नवरीने कधी उठायचं, काय खायचं, कोणत्या विधीला काय नेसायचं, हे विचारलं की घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं. लग्न झालेल्यांनी आपापले अनुभव लिहा. मेकअपच्या जाहिराती नकोत, प्लीज.

आळूवडी
मुहूर्तापासून उलटं मोजत या. आमचा मुहूर्त दुपारचा, तरी मेकअपवाली पहाटेच आली होती. मुहूर्ताआधी गौरीहरापाशी बसायचं, तेही मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून. मग अंतरपाट, मंगलाष्टकं, आणि त्यानंतर सासरचा शालू नेसून लाजाहोम, सप्तपदी. मधल्या साडीबदलाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि बाहेर भटजी 'मुलीला आणा' म्हणून घाई करत असतात. दोन्ही साड्यांवर चालेल असं एकच ब्लाउज शिवलं होतं, त्याने वाचवलं. विधींचा क्रम घराघरात वेगळा असतो, म्हणून भटजींना आधी फोन करून लिहून घ्या आणि तो कागद करवलीकडे द्या. नवरीकडे नको, तिला कुणी वाचू देत नाही!

आणि मुंडावळ्या. हेअरस्टाइल ठरवतानाच त्या कुठून बांधणार ते दाखवा. खोपा घालून झाल्यावर आत्याबाई दोरा ओढून बांधतात आणि सगळे गजरे एका बाजूला येतात.

गवती चहा
'विधी होईपर्यंत नवरीने खायचं नसतं' असं आजी म्हणत होती. माझ्या काकूने सरळ राजगिऱ्याचे लाडू आणि शहाळं खोलीत आणून दिलं. उपास मोडला नाही आणि होमाच्या धुरात चक्करही आली नाही. उपास करा नाहीतर करू नका, पण रिकाम्या पोटी तासन् तास पाटावर बसू नका. शहाळं स्ट्रॉने प्या, लिपस्टिक टिकते. काजळ वॉटरप्रूफच घ्या. पाठवणीला रडू येणार नाही अशी माझी खात्री होती, पण होमाच्या धुरानेच डोळ्यांतून पाणी काढलं.

वऱ्हाडीण
आमच्या विदर्भात लग्नं भर मे महिन्यात. उन्हाने हात सुजतात, म्हणून हिरवा चुडा भरताना कासारणीला जरा सैल माप घ्यायला सांगा. माझा घट्ट बसला होता, संध्याकाळी दोन बांगड्या वाढवल्या तेव्हा बरं वाटलं. जोडव्यांचंही तेच.

मेंदी दोन दिवस आधी काढा, रंग दुसऱ्या दिवशी गडद होतो. तासाभरात काळा रंग देणारी मेंदी मात्र अजिबात नको. तिच्यात बऱ्याचदा केस रंगवण्याचं रसायन असतं, हाताला फोड येतात. वॅक्सिंगही हळदीच्या आदल्या दिवशी करू नका, सोललेल्या कातडीवर हळद लागली की आग होते.

सांजवात
एक विषय कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते. पाळी. तारीख जवळ येत असेल तर लग्नाच्या आदल्या दिवशी मैत्रिणीकडून गोळी मागून घेऊ नका. पाळी लांबवणाऱ्या गोळ्या पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून सुरू कराव्या लागतात आणि सगळ्यांना चालत नाहीत. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास किंवा मायग्रेन असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं. महिनाभर आधी भेटा. आणि पाळी आलीच तर आली. आमच्याकडे सासूबाईंनी भटजींना विचारलंसुद्धा नाही, मला फार आवडल्या त्या.

पेठेतली
नेसवलेली नऊवारी शिवलेलीपेक्षा कितीतरी देखणी, याबद्दल वाद नाही. पण शिवलेली स्वतःची स्वतः काढता-घालता येते. नेसवलेली असेल तर बाथरूमला जाताना सोबत नेसवणारी हवी. आईने लग्नभर एका मावशीला फक्त त्या कामावर ठेवलं होतं. नथ टोचलेली नसेल तर दाबाची घ्या, आणि घरी तासभर घालून बघा, नाक बधिर होतं.

खारी
सगळं साड्यांवरच चाललंय म्हणून: महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते आणि तीन साक्षीदार लागतात. अर्ज आधीच भरून हॉलवर न्या. भटजी दक्षिणा घेऊन पुढच्या मुहूर्ताला निघाले की महिनाभर सापडत नाहीत. पत्रिकेच्या दोन कोऱ्या प्रती आणि हार घातलेला एक स्वच्छ फोटोही बाजूला ठेवा. नोंदणी 90 दिवसांत केली तर दंड लागत नाही.