मदत हवी आहे: ट्रेल कॅमेरा रात्री फ्लॅश पेटला की बंद पडतो
ट्रेल कॅमेरा (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा) झाडाला बांधून दोन पावसाळे झाले. दिवसाचे फोटो अजून नीट येतात, पण रात्री इन्फ्रारेड फ्लॅश पेटला की कॅमेरा बंद. शेवटचा फोटो अर्धा काळा. बॅटरी मात्र ६० टक्के दाखवतो! (त्या आकड्यावर माझा विश्वास कधीच नव्हता.)

८ डबल-ए सेल लागतात, सगळे एकसर जोडणीत. आधी अल्कलाइन घालून पाहिले, मग रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड. त्यांचे १.२ व्होल्टच्या हिशेबाने ९.६ होतात, १२ नाही, हे ठाऊक आहे. कार्ड बदललं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. एका स्प्रिंगवर हिरवट थर होता, तो खरवडला. रबरी सीलच्या खाचेत मुंग्यांची अंडी निघाली, तीही साफ केली. फरक शून्य.

सोलर पॅनेल जमणार नाही, गर्द सावली आहे. बाहेरची १२ व्होल्टची बॅटरीही नको, उंदीर-खारी वायर कुरतडतात. फेरी ३ महिन्यांतून एकदाच होते.

लिथियम सेलवर खर्च करण्याआधी एवढंच हवंय: दोष सेलचा की आतल्या सर्किटचा, हे मल्टिमीटरने कसं ओळखायचं? फ्लॅश पेटताना व्होल्टेज नेमकं कुठे मोजू, आणि किती खाली गेलं तर सेलला दोष द्यायचा?