मदत हवी आहे: जुन्या धाटणीचे सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे?

लोकहो,

टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्डधारक आहे. रेंजवर पिस्तूल चालवण्याची सवय आहे, रिव्हॉल्व्हर मात्र नवीन. (सिंगल-अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने चढवावा लागतो.) १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीच्या धाटणीचे एक घ्यायचे आहे. नियमित रेंजवर चालवायचे, पुढेमागे काउबॉय सामन्यांत (जुन्या पश्चिमी धाटणीच्या नेमबाजी स्पर्धा) उतरायचे, आणि संग्रहात ठेवण्याजोगेही असावे. बजेट १५०० डॉलर.

१. कोल्ट, रूगर की उबर्टी?
२. .४५ कोल्ट की .३५७ मॅग्नम?
३. वापरलेले घेतले तर काउंटरवर उभ्या उभ्या काय तपासायचे?
४. एका विक्रेत्याकडे १८९० च्या आसपासचे कोल्ट आहे, 'यूएस' शिक्क्याचे. ते घेऊन चालवता येईल का?

बेसपिन:

तिन्ही अपेक्षा एकाच नगावर लादू नका. जुन्या कोल्टचे मोल त्याच्या मूळ फिनिशमध्ये असते आणि रेंजवर नेमके तेच झिजते. चालवायचे वेगळे, जपायचे वेगळे. आधी चालवायचे घ्या.

१५०० मध्ये नवे कोल्ट बसणार नाही. त्या किमतीत इटलीच्या उबर्टीची दोन येतात, आणि काउबॉय सामन्याला दोन रिव्हॉल्व्हर लागतातच. उबर्टी सिमरॉन किंवा टेलर्सच्या नावानेही मिळते. मोजमाप आणि आतली यंत्रणा कोल्टसारखीच. घोडा चढवताना येणारे चार टिकटिक आवाज हवे असतील तर हेच घ्या. पण त्या यंत्रणेत सपाट पोलादी स्प्रिंगा असतात. बोल्ट (सिलिंडर जागेवर अडकवणारा खिळा) आणि चाप दोन्ही सांभाळणारी दोन पाकळ्यांची स्प्रिंग आणि हँडची स्प्रिंग (हँड म्हणजे सिलिंडर फिरवणारी पट्टी) या कधी ना कधी तुटतात. दोन्ही स्वस्त आहेत, जादा घेऊन ठेवा. स्क्रू उघडायला हॉलो-ग्राउंड पेचकस वापरा, म्हणजे ज्याच्या टोकाच्या बाजू समांतर असतात आणि जे खाचेत घट्ट बसते. पाचरीसारख्या टोकाचा साधा पेचकस स्क्रूची खाच फाडतो.

रूगरमध्ये कॉइल स्प्रिंगा आहेत, त्या सहसा तुटत नाहीत. १९७३ पासूनच्या 'न्यू मॉडेल'मध्ये ट्रान्सफर बार आहे: चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात फायरिंग पिनपर्यंत पोचत नाही. त्यामुळे सिलिंडरची सहाही घरे (काडतुसांची भोके) भरून ठेवता येतात. गेट (काडतुसे भरायचे बाजूचे झाकण) उघडले की सिलिंडर मोकळे होते, हाफ-कॉक (घोडा अर्धा चढवून ठेवायची खाच) नाही. माझे मत: रेंजसाठी २००५ नंतरचे न्यू वॅकेरो. हातात १८७३ चा अनुभव हवा असेल तर उबर्टी.

कोल्टच्या घडणीत (आणि बहुतेक उबर्टीतही) पाचच घरे भरायची. घोडा हाफ-कॉकवर, गेट उघडा. एक काडतूस भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा. गेट लावा, घोडा पूर्ण चढवा, मग हळू उतरवा. घोडा रिकाम्या घरावर येतो. नुसत्या सेफ्टी खाचेवर भरवसा ठेवू नका: रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडले तर ती खाच किंवा चापाचे टोक तुटते आणि बार उडतो.

पितळी_नळकांडे:

कॅलिबरबाबत: पहिले रिव्हॉल्व्हर असेल तर .३५७. त्यात .३८ स्पेशलही चालते, ते स्वस्त आणि सौम्य. काउबॉय सामन्यात बहुतेक जण तेच वापरतात. एक सवय मात्र लावून घ्या. .३८ चे केस (काडतुसाचे पितळी नळकांडे) आखूड असते, म्हणून ते जिथे संपते तिथे घरात काजळीचे कडे जमते. नंतर .३५७ भरायला गेलात की काडतूस अर्ध्यात अडते. ठोकून बसवू नका. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने ते कडे काढा, प्रत्येक वेळी.

.४५ कोल्ट सुंदर आहे, पण त्याचे केस काळ्या दारूसाठी केलेले: ४० ग्रेन दारू आणि साधारण २५५ ग्रेनची शिशाची गोळी. आजच्या हलक्या काउबॉय लोडमध्ये दाब इतका कमी असतो की केस फुगून घराला नीट चिकटत नाही, काजळी मागे येते आणि केस काळी पडतात. .४४-४० चे तोंड पातळ असल्याने ते घट्ट बसते. पण स्वतः काडतुसे भरणाऱ्याला ते नाजूक तोंड छळते, डायमध्ये (केसला आकार देणारा साचा) जरा वाकडे गेले की चुरगळते.

सर्वांत महत्त्वाचे: '.४५ कोल्ट, फक्त रूगरसाठी' म्हणून विकली जाणारी जड काडतुसे मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉक आणि २००५ पूर्वीच्या वॅकेरोसाठी आहेत. न्यू वॅकेरोची फ्रेम लहान आहे, त्यात ती घालू नका. कोल्ट आणि उबर्टीत तर अजिबात नको. .४५ कोल्टचा प्रमाण कमाल दाब १४,००० पीएसआय, .३५७ चा ३५,०००; पण .३५७ ची भिंत जाड असते, कारण तेवढ्याच सिलिंडरमध्ये भोक लहान. .३५७ चालते म्हणून .४५ मध्येही तेवढा दाब चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

धागाकर्ता:

धन्यवाद. मग .३५७ नक्की. तपासणीचे कुणी सविस्तर सांगेल का? आणि सरावासाठी .२२ घ्यावे का?

टायमिंग:

विक्रेत्याची परवानगी घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. हाफ-कॉकवर (रूगर असेल तर नुसते गेट उघडून) सहाही घरे डोळ्यांनी पाहा, रिकामी असल्याची खात्री करा.

आता घोडा अगदी हळू चढवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सिलिंडरला किंचित रोध द्या. घोडा पूर्ण चढतो त्याच क्षणी बोल्ट सिलिंडरच्या खाचेत बसायला हवा. घोडा चढला पण सिलिंडर अजून हलते आहे, तर हँड झिजला आहे. गोळी नळीत तिरकी जाते आणि शिसे बाजूने फवारते. सहाही घरांवर हे करा, कारण दोष पुष्कळदा एकाच घरात असतो. घोडा चढलेला असताना अंगठ्याने मागून पुढे दाबा, चाप न ओढता. निसटला तर ते रिव्हॉल्व्हर परत ठेवा.

घोडा उतरवल्यावर सिलिंडर पुढेमागे हलवून पाहा. जाणवण्याइतकी ढील नको. मग ते मागे दाबून धरा आणि नळी व सिलिंडरमधली फट फीलर गेजने (पातळ पत्र्यांचे मापक) मोजा. ०.००४ ते ०.००८ इंच उत्तम. त्याहून कमी असेल तर शेदीडशे गोळ्यांनंतर काजळीने सिलिंडर अडकू लागते.

सिलिंडरवर गोलाकार ओरखडा दिसला की लोक टायमिंग (घोडा आणि सिलिंडर यांचा मेळ) बिघडले म्हणतात. कोल्ट-उबर्टीत बऱ्याचदा कारण वेगळे असते: मालक हाफ-कॉकवरून घोडा थेट खाली सोडतो, बोल्ट खाचेबाहेर पडतो आणि पुढच्या वेळी सिलिंडरवर घासत जातो. तुम्ही हे टाळा: हाफ-कॉकवरून नेहमी आधी पूर्ण चढवायचे, मग उतरवायचे.

रूगरचे .४५ पाहत असाल तर ०.४५२ इंचाची शिशाची गोळी घराच्या पुढच्या तोंडातून बोटाच्या दाबाने जाते का पाहा. अडली तर तोंड अरुंद आहे: गोळी आवळली जाते, नळीत सैल पडते, शिसे साचते आणि नेम विखुरतो. बंदूकसाज रीमरने ते मोठे करून देतो.

.२२ जरूर घ्या. रूगर सिंगल-सिक्स दोन सिलिंडरसह मिळते, एक .२२ एलआर (लाँग रायफल, साधे .२२) आणि एक .२२ मॅग्नम. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये एलआर घालू नका. ते सैल बसते आणि केस फाटते. बजेट कमी पडले तर रूगरचेच स्वस्त .२२, रँग्लर.

जुना_शिक्का:

चौथ्या प्रश्नाचे उत्तर: घेता येईल, चालवू नका. सुरुवातीच्या कोल्टच्या फ्रेमला बेस पिन (सिलिंडरचा आस) अडवणारा स्क्रू समोरून असतो. नंतरच्यांना आडवी स्प्रिंगची कळ. पण नुसती आडवी कळ पाहून आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू घालू नका. कोल्टने तिची हमी १९०० पासून दिली.

'यूएस' शिक्क्यात बनावट फार. घोडदळाचे असेल तर नळी साडेसात इंच, आणि लाकडी मुठीवर तपासनिसाची आद्याक्षरे हवीत. साडेपाच इंच नळीच्या 'आर्टिलरी'त फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि बॅकस्ट्रॅपचे क्रमांक बहुधा जुळत नाहीत, कारण सैन्याने १८९० च्या दशकात ती सुटी करून दुरुस्त केली. तिथे सगळे क्रमांक जुळले तर खूश होऊ नका, उलट जास्त बारकाईने पाहा. नव्याने पॉलिश केलेले ओळखायचे तर फ्रेमच्या कडा आणि स्क्रूंची भोके बघा: कडा गोलसर, भोकांचे काठ बशीसारखे खोल, अक्षरे पुसट. एवढा पैसा घालण्याआधी कोल्टच्या अभिलेखागाराचे पत्र मागवा. कारखान्यातून कोणत्या नळीचे, कोणत्या फिनिशचे, कुणाला गेले ते त्यात असते.

रूगरचे जुने 'थ्री-स्क्रू' मॉडेल (१९७३ पूर्वीचे) दिसले तर ते बदललेले आहे का विचारा. कंपनी ट्रान्सफर बार फुकट बसवून देते आणि मूळ भाग परत पाठवते. चालवायचे असेल तर बसवून घ्याच. मूळ भाग जपा, संग्राहक त्यांचे पैसे देतात.

बेसपिन:

कायद्याचे थोडक्यात, कारण हा धागा एच-१बी वाले पण वाचतील. ग्रीन कार्डवर दुकानातून घेता येते: फॉर्म ४४७३ (दुकानात भरायचा खरेदीचा फॉर्म), यूएससीआयएस (इमिग्रेशन खाते) क्रमांक आणि पार्श्वभूमी तपासणी. नॉन-इमिग्रंट व्हिसावर मात्र बंदूक विकत घेणे आणि बाळगणे संघीय कायद्याने सहसा मना आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. आणि परत जाताना भारतात नेण्याचा विचार असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ खालचा परवाना आणि आयातीची परवानगी आधी, पॅकिंग नंतर.

धागाकर्ता:

खूप आभार. न्यू वॅकेरो .३५७, साडेपाच इंच, असे ठरवतोय. शेवटचा प्रश्न: स्थिर साइटमध्ये (नेम धरायची न हलणारी खूण) नेम वरखाली लागला तर?

टायमिंग:

लगेच कानस उचलू नका. आधी कोणती काडतुसे कायम वापरणार ते ठरवा, कारण जड गोळी साधारणपणे वर लागते आणि हलकी खाली. १५८ ग्रेनच्या .३८ ने टेकू घेऊन पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. नेम खाली लागत असेल तर पुढची साइट कानशीने कमी करता येते: एका वेळी दोनतीन हलके फटके, मग पुन्हा गट. वर लागत असेल तर साइटची उंची वाढवावी लागेल, त्यापेक्षा हलकी गोळी वापरून पाहा. डावी-उजवीकडे लागत असेल तर घरी काही करू नका. नळी फ्रेममध्ये किंचित फिरवायची असते, ते काम बंदूकसाजाचे.