श्रद्धाळू मालकाकडून चालू धंदा घेताना काय तपासावं?

नवखा: छोटा छपाईचा धंदा घेतोय. मालक आठवड्यातून एक दिवस कडकडीत बंद पाळतात, नफ्याचा दहावा हिस्सा दान करतात आणि व्याजाला शिवत नाहीत. घेणाऱ्यानेही हे जपावं, अशी त्यांची इच्छा आहे. वर म्हणतात, "शब्द पुरे, कागद कशाला?" किंमत कशी ठरवू?

हिशोबनीस: आधी तीन वर्षांची कर-विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे समोरासमोर ठेवून जुळवा. मग नफा नव्याने मांडा. दान तुम्ही चालू ठेवणार नसाल तर ती रक्कम नफ्यात मिळवा. पण घरची किंवा पंथातली माणसं फुकट नाहीतर अर्ध्या पगारावर राबत असतील, तर त्यांच्या जागी ठेवायच्या माणसांचा पगार बाजारभावाने वजा करा. वहीत नफा 100, दान 10 मिळवलं, बिनपगारी भावाच्या जागेसाठी 25 गेले, की उरले 85. दान सगळे आनंदाने मिळवतात, भाऊ विसरतात!

बंदचा दिवस उघडला की विक्री एक षष्ठांशाने वाढेल, हे गणितही धरू नका. जुनं गिऱ्हाईक बरेचदा फक्त येण्याचा दिवस बदलतं; पगार आणि वीज मात्र नक्की वाढते.

करारवाला: कागद हवाच. मालकांना सांगा, शब्द विसरला जाऊ नये म्हणूनच लिहायचा. मात्र "मूल्यं जपू" असलं मोघम वाक्य नको, त्यावरूनच पुढे भांडणं होतात. कोणता दिवस बंद, कोणतं काम घ्यायचं नाही, जुनं नाव किती वर्षं वापरायचं, हे स्पष्ट लिहा. मुदत दोन-तीन वर्षं ठेवा. अट मोडली तर नाव परत जाईल, धंदा नाही, हेही घाला. नोकरभरतीत धर्माची अट मान्य करू नका. अनेक देशांत ती बेकायदा आहे.

हप्ते व्याजाविना हवे असतील तर एकूण किंमत आणि तारखा सुरुवातीलाच पक्क्या करा. काही देशांत कर खातं अशा हप्त्यांतला काही भाग व्याजच मानतं, तेव्हा सीएला विचारा.

तोंडी आश्वासनांची यादी मालकांच्या सहीने घ्या: कामगारांना दिलेली उसनवारी, प्रार्थनास्थळाची फुकट छपाई, कुणाला कायमची सवलत. वहीत यातलं काही सापडणार नाही. लपलेल्या देण्यांसाठी किमतीचे 10 ते 15 टक्के सहा महिने तिऱ्हाइताकडे अडकवून ठेवा.

नवखा: आभार. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक त्यांच्याच पंथाचं आहे, मी त्यातला नाही.

हिशोबनीस: मग खरी जोखीम ही. सर्वांत मोठ्या दहा गिऱ्हाइकांचा विक्रीतला वाटा काढा. किमतीचा पाव भाग वर्षभरानंतर, त्यांच्याकडून टिकलेल्या विक्रीच्या प्रमाणात द्या. नफ्याच्या प्रमाणात नको, खर्च कुठला धरायचा यावर वाद होतो. तीन महिने मालकांनी स्वतः गाठी घालून द्याव्यात. त्याच पंथात दुसरी छपाई न काढण्याची अट त्यांच्या मुलांनाही लागू करायची असेल, तर मुलांचीही सही लागेल.