जुन्या आल्टोला स्वस्तातले टायर, तेही घरच्या घरी बसवून?

जुनीचबरी:
गाडी २०१२ ची आल्टो. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पासिंग करायचं की भंगारात काढायची ते बघू. महिन्याला जेमतेम ३०० किमी फिरते: भाजी, बँक, कधीतरी आळंदी. नक्षी अजून आहे, पण चारही टायरना बाजूने चिरा पडल्यात. नाना पेठेत विचारलं तर एकाचे ३,१०० सांगितले. फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह वेगळे. फारसं नाव नसलेल्या कंपनीचा त्याच मापाचा, १४५/८० आर १२, ऑनलाइन २,३५० ला आहे. आयएसआय शिक्का सक्तीचाच असतो, मग नावाचे साडेसातशे कशाला?
पावसाळ्याआधी दोन, दिवाळीनंतर दोन असा बेत आहे. जॅक, दोन टॉमी (टायर रिमवरून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आहे. अंगणातच बसवणार. माझं मत: गाडीची किंमत बघून टायर घ्यावा. बोला.

हात_काळे:
टायर स्वस्त घ्या, माझी हरकत नाही. अंगणात बसवायला ठाम विरोध. हा उद्योग करून बसलोय म्हणून सांगतो. जुना टायर रिमवरून सुटता सुटेना, शेवटी गाडीच्याच वजनाखाली जॅकने दाबून काढला. नवा चढवला, पण हवा धरेना. ट्यूबलेसला एकदम भसकन हवा लागते, तेव्हा कडा रिमवर बसते. तुमचा छोटा कॉम्प्रेसर फुरफुरत राहणार आणि हवा बाजूने निघून जाणार. मग माणूस चिडून कुठूनतरी मोठा कॉम्प्रेसर आणतो आणि दाब वाढवत जातो. कडा बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नसतं. तिथे टायर फुटला तर हात जातो. माझा बसला एकदाचा, पण टॉमीने रिमची कड खरवडली होती. वर्षभर दर आठवड्याला हवा भरत होतो. वाचले किती? चहा-वड्याचे.

जुनीचबरी:
यूट्यूबवर तर पोरं वीस मिनिटांत बसवतात.

हात_काळे:
ती पोरं रोज बसवतात. आणि बॅलन्सिंग कशावर करणार, पोळपाटावर?

ऑरेंजसिटी:
माझा विरोध मुळातच आहे. 'गाडी गावातच फिरते' असं म्हणणाऱ्याची गाडी लग्नसराईत भाचा घेऊन जातो आणि तो थेट समृद्धीला लागतो. मे महिना, सिमेंटचा तापलेला रस्ता, काटा १२० कडे. २०२३ मध्ये आरटीओने तिथे टायर तपासून गुळगुळीतवाल्यांना परत पाठवलं होतं, ते उगाच नाही. गाडी दोन लाखांची का असेना, आत बसलेली माणसं त्या भावाची नाहीत.

चिमटा:
ऑरेंजसिटी, भावनेला नमस्कार, पण नेम चुकला. या मापाच्या साध्या टायरवरही बहुधा ७४एस किंवा ७४टी असतं. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलोपर्यंत भार, एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत वेग, टी म्हणजे १९०. त्या आल्टोला उतारावर ढकललं तरी तिथवर जाणार नाही. तापून फुटतात ते हवा कमी असलेले, खच्चून भरलेल्या गाडीचे किंवा म्हातारे टायर. धागाकर्त्याचे आत्ताचे चिरा पडलेले टायर, मग ते कितीही नामांकित असोत, नव्या स्वस्त टायरपेक्षा जास्त धोक्याचे आहेत.
मात्र ऑनलाइनला माझाही विरोध. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ४१२३ म्हणजे २०२३ चा ४१ वा आठवडा. दुकानात ते वाचून घेता येतात. ऑनलाइन जे येईल ते पदरात.
अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. ३,१०० वाल्याला 'पक्कं बिल द्या' म्हणा, आकडा हलतो का बघा.

कोल्हापुरी_पाना:
दुकानदार दोन गोष्टी गळ्यात मारेल. एक, छोटा हत्तीचा १४५ आर १२ एलटी, म्हणजे मालवाहू गाडीचा टायर. 'कडक आहे, मरणार नाही' म्हणतो. मरत नाही हे खरं, पण हलक्या आल्टोत तुमची कंबर मरते. दोन, मारुती ८०० चा १४५/७०. चाक जवळजवळ ३ सेंटीमीटरने बुटकं होतं, गाडी दीड सेंटीमीटर खाली येते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. आमच्याकडच्या स्पीडब्रेकरांवर दीड सेंटीमीटर म्हणजे सायलेन्सरचा जीव.

काटकसर७२:
इतका काथ्याकूट? सेकंडहँड टायर ९०० ला मिळतो. माझे दोन वर्षं चाललेत.

चिमटा:
आतून किती पॅच आहेत ते मोजलेत का?

काटकसर७२:
नाही, आणि मोजणारही नाही. :)

हात_काळे:
दोनच नवे घेताय ना? मग ते मागे टाका.

जुनीचबरी:
हे काय नवीन? इंजिनाचं वजन पुढे, ओढ पुढची, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. आणि नवे टायर मागे?

हात_काळे:
हो. ताम्हिणीत पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. तुम्हाला हातात कळतं, पाय आपोआप सुटतो. मागची घसरली की गाडी गरकन फिरते, आणि कळेपर्यंत तोंड आलेल्या वाटेकडे. म्हणून चांगले टायर मागे.

कोल्हापुरी_पाना:
असहमत. पुढचे पटकन झिजतात, त्यामुळे आम्ही तीस वर्षं नवे पुढेच टाकतोय.

ऑरेंजसिटी:
तीस वर्षं नशीबही पुढेच बसलं असेल. दोघांचंही राहू द्या, चिरा चारही टायरना आहेत. पावसाळ्याआधी चारही बदला.

जुनीचबरी:
बरं. टॉमी शेजाऱ्याला देऊन टाकल्या. चाकं मात्र मीच काढणार आणि दोन-दोन करून रिक्षातून दुकानात नेणार. फक्त बसवणावळ आणि बॅलन्सिंग देईन. टायर मात्र २,३५० चेच, त्यात तडजोड नाही. चार मागवतोय.

हात_काळे:
चालेल. दोन्ही चाकं निघाल्यावर गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, विटांवर तर नकोच, फुटतात. स्टँड आणा. नट जमिनीवर असतानाच सैल करा आणि शेवटचे आवळायचे तेही जमिनीवर, समोरासमोरचे.

जुनीचबरी (पाच दिवसांनी):
आले. तीन टायर ४४२५, एक १९२५. परत पाठवू?

चिमटा:
वर्षभराच्या आतबाहेरचेच आहेत, ठेवा. १९२५ वाला डावीकडे की उजवीकडे, यासाठी नवा धागा काढू नका.