चोपण (सोडियम साठलेली) जमीन: आधी जिप्सम की आधी निचरा?

काळी_माती: शिरोळ, वाळवा भागात रानात क्षारांचं पांढरं फुटलं की सल्ला ठरलेला: एकरी दोन टन जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. निचरा नसेल तर हे पैसे पाण्यात. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम सोडवतं आणि सोडियम सल्फेट तयार होतं. ते मुळांखाली धुऊन गेलं नाही तर उन्हाळ्यात परत वर. आधी जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाईप, मग जिप्सम.

पाटकरी: अजिबात पटलं नाही. चोपण काळी माती ओली झाली की फुगते, छिद्रं बुजतात. वर तळं साचतं आणि एक मीटर खालचा पाईप कोरडाच! पाणी खाली उतरायला आधी जिप्समच हवं. मात्र दोन टनांचा ठोकताळा चुकीचा. 100 ग्रॅम मातीतलं 1 मिलिइक्विव्हॅलंट (रासायनिक भाराचं माप) सोडियम काढायला वरच्या 15 सेंमी थराला एकरी साधारण 0.7 टन शुद्ध जिप्सम लागतं. मातीची कॅल्शियम-सोडियमसारखे धन आयन धरायची क्षमता (CEC) याच मापात 50 असेल आणि त्यातला सोडियमचा वाटा 20 टक्क्यांवरून 10 वर आणायचा, तर साडेतीन टन.

काळी_माती: हिशोब मान्य, पण तो चोपण जमिनीचा. पांढरं फुटलेली बरीच रानं नुसती खारवट असतात: सामू (pH) 8.5 च्या आत, क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर. तिथे जिप्समचं कामच नाही, पाणी देऊन क्षार धुवायचे. आणि ही 4 ची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची आहे. माती तपासणीच्या अहवालातला आकडा बहुधा 1:2.5 द्रावणाचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी), म्हणून बराच कमी दिसतो आणि माणूस फसतो.

सरी_वरंबा: मूळ दुखणं पाटाच्या पाण्याचं. ठिबक करा, दोन्ही खर्च वाचतील.

पाटकरी: ठिबकने भूजल चढायचं थांबेल, साचलेले क्षार कुठे जातील? ते ठिबकखाली भिजलेल्या ओल्या गोलाच्या कडेला जमतात. पहिली हलकी सर आली की तेच मुळांत उतरतात, म्हणून तेव्हा ठिबक चालूच ठेवावं लागतं.

काळी_माती: यावर एकमत. पण पाईपचं अपयश बहुतेक वेळा शेताबाहेर असतं. 80 मिमी पाईप, फिल्टर गुंडाळलेला, 1 ते 1.2 मीटर खोल, ओळींत 20-30 मीटर अंतर, सगळं नीट केलं आणि तोंड नाल्याच्या पाण्याखाली, तर पाईप उलटा भरतो. शेजाऱ्यांनी मिळून आधी नाला उपसावा.

पाटकरी: नाला आधी, हे कबूल. पाईप आधी, हे नाही.