‘सवलत’ म्हणावं की ‘तरतूद’?

प्रश्न (परभणी): कॉलेजात समान संधी कक्षाचा फलक करायचाय. मसुद्यात ‘मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी सवलती’ असं आहे. ‘सवलती’ टोचतं, पण का ते सांगता येईना. शिवाय ‘विविधता’ फार पुस्तकी वाटतं, तिथं ‘अठरापगड’ चालेल का?

उत्तर (अंबाजोगाई): टोचायलाच पाहिजे. शब्द तसा वाईट नाही. उर्दूतली ‘सहूलत’ ती हीच, मूळ अर्थ सोपेपणा. मराठीत मात्र एसटीच्या तिकिटात सवलत, बिलात सवलत असं म्हणता म्हणता त्याला ‘देणाऱ्यानं मेहेरबानीनं सोडलेले पैसे’ असा वास लागला. मी प्रवेशाला गेलो तेव्हा खिडकीतून आवाज आला, ‘सवलतवाले बाजूला थांबा.’ माझा बाप दाखल्यांची पिशवी छातीशी धरून रांगेतून निघाला आणि पार भिंतीला जाऊन टेकला. आमचा नंबर दुसरा होता.

संविधानाच्या मराठी पाठात, कलम 15(4) मध्ये, शब्द आहे ‘विशेष तरतूद’. हे पोटकलम 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं. आणि तरतूद आपल्या घरातलाच शब्द: मृगाआधी बी-खताची तरतूद, लेकीच्या लग्नाची तरतूद. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्यानं पुढची गरज ओळखून आधीच करून ठेवायची ती तरतूद. तिच्यासाठी कुणी हात जोडत नाही. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून. गरिबाच्या पोराला अंतरही आडवं, भाषाही आडवी. बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, आजचं मिलिंद महाविद्यालय. त्याला सवलत म्हणून बघा, जीभच वळत नाही.

उत्तर (उदगीर): ‘अठरापगड’बद्दल माझं ऐका. अठरा तऱ्हेच्या पगड्या, म्हणजे सगळ्या जाती. शब्द गोड आहे, मलाही आवडतो. पण पगडी गडीमाणसाच्या डोक्यावर असते. आमच्या तांड्यावरून कॉलेजात येणारी पोरगी त्यात कुठं मोजायची? सरळ लिहा: ‘सगळ्या जातीधर्मांच्या मुली-मुलांसाठी, दिव्यांगांसाठी, तृतीयपंथीयांसाठी’. ओळ लांबेल, लांबू द्या. वाचणारीला त्यात स्वतःला शोधावं लागू नये.

प्रश्नकर्ता: मसुद्यात ‘सवलती’ खोडून ‘तरतुदी’ केलं, उदगीरच्या ताईंची ओळ जशीच्या तशी घेतली. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरही ‘सवलत विभाग’ अशी पाटी आहे. ती बदलावी म्हणून सोमवारी प्राचार्यांना अर्ज देतोय.