बाय-थांग-काव: जाळी पडत नाही, तळाशी चिकट थर राहतो

प्रश्न
दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंगकडचा हा पांढरा, गोड, वाफवलेला तांदळाचा केक कापला की उभी जाळी दिसायला हवी. इथे वरचा भाग घट्ट होतो आणि तळाशी बोटभर रबरासारखा थर बसतो. वासही आंबट येतो. मोदकाची पिठी 150 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम, पाणी एकूण 275 मिली, यीस्ट अर्धा चमचा. साखरेचा पाक कोमट करून घातला आणि पीठ इडलीसारखं रात्रभर ठेवलं. नक्की काय चुकतंय?

प्रतिसाद १
प्रमाण बरोबर आहे, चूक पाकात आहे. इडलीत उडीद पीठ धरून ठेवतो. इथे उडीद नाही, म्हणून ते काम थोड्या शिजलेल्या तांदळालाच करावं लागतं. पाक कोमट असेल तर स्टार्च कच्चाच राहतो आणि पिठी हळूहळू खाली बसते. तुमचा रबरी थर तोच.

पिठी 150 मिली गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. उरलेल्या 125 मिली पाण्यात साखर विरघळवून खळखळून उकळा आणि तो पाक उकळता असतानाच बारीक धारेने ओता, दुसऱ्या हाताने सतत ढवळत. तरीही पाण्यासारखं पातळ वाटलं तर अगदी मंद आचेवर धरा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहिला की लगेच उतरवा. त्यापुढे गेलं तर खळ होईल. बोट सहज बुडवता येईल इतकं निवल्यावरच यीस्ट घाला. गरम पिठात ते मरतं.

प्रतिसाद २
पिठीही बदला. मोदकासाठी आंबेमोहोरसारखा चिकट तांदूळ घेतात, इथे तो नको. चिनी दुकानातलं चिकट तांदळाचं पीठ तर मुळीच नको, ते न्येन-काव या दुसऱ्या पदार्थाचं. जुना, मोकळा शिजणारा तांदूळ 5 तास भिजवून, निथळून, गंधासारखा बारीक वाटला तर सगळ्यात छान. भिजलेल्या तांदळाने पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं, म्हणून वाटताना 100 मिलीच घाला.

रात्रभर ठेवायचं कारणच नाही. आपल्याकडच्या हवेत, 28-30 अंशांना, दोन ते तीन तास पुरतात. पृष्ठभागावर मोहरीएवढे बुडबुडे दाटीने दिसले आणि भांड्याला कान लावल्यावर बारीक चरचर ऐकू आली की पीठ तयार. हलका आंबूसपणा या केकचा गुणच आहे, पण नाकात चढणारा वास आला म्हणजे वेळ टळली.

प्रतिसाद ३
दोघांचंही पटतं, पण पीठ उत्तम असूनही गार थाळीत ओतलं तर जाळी जाते. उभ्या नळ्या होतात त्या तळ आधी तापल्यामुळे: वायू खालून वर धावतो आणि त्याच्या वाटेभोवती पीठ आवळतं. म्हणून 7 इंची ढोकळ्याची थाळी तेल लावून उकळत्या पाण्यावर 3-4 मिनिटं रिकामीच तापवा. पिठात एक छोटा चमचा तेल घालून हलकेच ढवळा, दहा मिनिटं थांबा, मग ओता. थर पाऊण ते एक इंच. मोठ्या आचेवर 20 मिनिटं, मध्ये झाकण उघडायचं नाही. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वर खड्डे होतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. गरम असताना कापला तर जाळी चेपते आणि केक कच्चा राहिला असं वाटतं.

प्रश्नकर्ता
यीस्टशिवाय जमेल का? आणि उरला तर फ्रीजमध्ये?

प्रतिसाद २
जमेल. ग्वांगदोंगमधल्या शुंदे भागातल्या लुनच्याव गावावरून याला लुनच्याव-काव असंही म्हणतात, आणि जुनी रीत आधीच्या घाण्यातलं आंबलेलं पीठ विरजणासारखं राखून ठेवायची. गोव्यात सान्नांना माडाची सूर घालतात, तीही नैसर्गिक यीस्टच. पण पहिल्या खेपेला विकतचं इन्स्टंट यीस्टच वापरा, म्हणजे बाकीचं काय चुकतंय ते कळेल. फ्रीजमध्ये तांदळाचा स्टार्च कडक होतो. 5 मिनिटं पुन्हा वाफवला की मऊ पडतो.